आजीचा डबा, सटन हूचं जहाज आणि सोपाऱ्याचे करंडे : ऐवजाची तारीख ठरवतात कशी?

मागच्या महिन्यात बोरिवलीच्या घरी आम्ही आजीचा डबा उघडला. आजीला जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्ध आटोपलं होतं. पुण्याहून आत्या आली होती. ती म्हणाली, "आता उघडूया, किती दिवस ठेवायचा?" डबा पितळेचा, गोल, फिरकीच्या झाकणाचा. आमच्या घरात त्या डब्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची : तो आजीच्या आईचा, लग्नात आलेला, आणि आजोबा गेल्यावर, म्हणजे २००९ नंतर, आजीने तो कधी उघडलाच नाही.

आत काय होतं ते सांगते. एक मोहनमाळ. कडी डाकलेला राणीच्या छापाचा एक रुपया, त्यावर १८६२ साल. सराफाची १९७८ ची घडी घातलेली पावती. आणि सगळ्यात वर, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात, सोन्याच्या कुड्यांची एक जोडी.

आई म्हणाली, "बघ, १८६२ चा रुपया. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांचा ऐवज आहे हा." आत्या म्हणाली, "छे, पावती ७८ ची आहे, मोहनमाळ तेव्हाच केली असणार." मग दोघी माझ्याकडे वळल्या. "तू पीएचडी करतेस ना यात? सांग, डबा कधीचा?"

खरं सांगू? माझ्या संशोधनाचा विषय हाच आहे. जमिनीत पुरलेले, स्तूपात कोंडलेले, भिंतीत लपवलेले धातूचे ऐवज आणि त्यांचा काळ ठरवायच्या पद्धती. तरीही मी पटकन उत्तर देऊ शकले नाही. कारण "डबा कधीचा?" हा एक प्रश्न नाही. त्यात तीन-चार प्रश्न दडलेले आहेत. आजच्या लेखात ते वेगळे करून दाखवते. त्यासाठी आपण आधी इंग्लंडला जाऊ, मग विरार लोकलने नालासोपाऱ्याला, आणि शेवटी पुन्हा डब्याकडे येऊ.

नियम एकच, पण तो नीट वाचायला हवा

पुरातत्त्वात पहिल्या वर्षीच शिकवला जाणारा एक नियम आहे. एखादा ऐवज एकत्र बंद केलेला सापडला, तर त्यातली सगळ्यात नवीन वस्तू बघायची. झाकण त्या वस्तूच्या आधी बंद झालेलं असू शकत नाही. लॅटिनमध्ये याला टर्मिनस पोस्ट क्वेम म्हणतात. मी मराठीत त्याला "त्यानंतरच"ची तारीख म्हणते.

घरगुती उदाहरण घ्या. कपाटात एक पाकीट सापडलं, त्यात शंभराच्या जुन्या नोटा आहेत आणि एक दोन हजाराची गुलाबी नोट. ती नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. म्हणजे पाकीट २०१६ च्या नोव्हेंबरआधी बंद झालेलं नाही, इतकं नक्की. २०१७ मध्ये झालं की काल झालं, ते नोट सांगत नाही. आणि शंभराच्या नोटा १९९८ च्या असल्या तरी त्यावरून पाकीट १९९८ चं ठरत नाही.

सोपं वाटतं ना? पण चुका इथेच होतात. आपल्या सगळ्यांचा डोळा आधी सगळ्यात जुन्या वस्तूवर जातो. आईचा गेला, १८६२ च्या रुपयावर.

बरं, त्या रुपयावरच्या सालावरही लगेच विश्वास ठेवू नका. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८६२ हे साल पुढची दहा-बारा वर्षं तसंच छापत राहिले होते. म्हणजे १८६२ लिहिलेला रुपया १८७० मध्येही टांकसाळीतून बाहेर पडलेला असू शकतो. नाण्यावर जे लिहिलंय तेही "त्यानंतरच"चंच.

सटन हू : एका जहाजात शंभर वर्षांचं अंतर

आता इंग्लंड. पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यात सटन हू नावाची जागा आहे. तिथे मातीचे उंचवटे होते. जमीन ईडिथ प्रिटी या बाईंच्या मालकीची. त्यांनी बेसिल ब्राउन या स्थानिक उत्खननकर्त्याला ते खणायला सांगितलं, आणि १९३९ च्या उन्हाळ्यात एका उंचवट्याखाली सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. लाकूड कुजून गेलं होतं, वाळूत फक्त आकार आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा उरल्या होत्या. मधोमध एक दफनकक्ष होता. मृतदेह आम्लधर्मी मातीने खाऊन टाकला होता, पण धातू टिकला. चौकशीत हा ऐवज प्रिटीबाईंचाच ठरला आणि त्यांनी तो सगळाच्या सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

हे अँग्लो-सॅक्सन काळातलं दफन. रोमन सत्ता गेल्यानंतर इंग्लंडमध्ये जी छोटी छोटी राज्यं उभी राहिली, त्यातल्या ईस्ट अँग्लियाच्या कुणा बड्या माणसाचं. ऐवजात चारशे ग्रॅमहून जास्त वजनाचं सोन्याचं बक्कल आहे, त्यावर एकमेकांत गुंतलेले साप आणि प्राणी. खांद्यावर अंगरखा अडकवायच्या सोन्याच्या दोन कड्या आहेत, आणि त्यांवरचं काम बघितलं तर आपल्याकडच्या माणसाला जडावाच्या दागिन्यांची आठवण येईल. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाकून छोटी छोटी घरं केलेली, प्रत्येक घरात त्याच्या आकाराला कापलेला लाल गार्नेट बसवलेला, आणि खड्याखाली बारीक चौकड्यांचे ठसे उठवलेला सोन्याचा वर्ख. वर्ख कशाला? प्रकाश खड्यातून आत जातो, वर्खावर आपटून परत येतो आणि लाल रंग पेटल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कुंदनाच्या खड्याखाली वर्ख घालतात तो याचसाठी.

गार्नेट म्हणजे कुठला खडा असं विचाराल, तर राहूसाठी अंगठीत घालतात तो गोमेद याच कुळातला. इंग्लंडमधल्या दागिन्यांतला गडद लाल तो त्याचा चुलतभाऊ. त्या काळातल्या युरोपीय दागिन्यांतल्या गार्नेटच्या रासायनिक तपासण्या गेल्या काही दशकांत झाल्या, आणि त्यांतले बरेच खडे भारत आणि श्रीलंकेतल्या साठ्यांशी जुळले. म्हणजे खडा एका देशातला, घडणावळ दुसऱ्या देशातली, पुरला तिसरीकडे. दागिना "कुठला" हा प्रश्नही "कधीचा" इतकाच फसवा आहे. पण तो पुन्हा कधीतरी.

आपल्या नियमाकडे येऊ. त्याच जहाजात चांदीचं एक मोठं ताट होतं. त्यावर बायझंटाइन सम्राट अनास्तासियसच्या काळचे सरकारी ठसे आहेत. त्याचा राज्यकाळ इ.स. ४९१ ते ५१८. फक्त ताट सापडलं असतं, तर आपण म्हटलं असतं : सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा ऐवज.

पण कमरेच्या बटव्यात ३७ छोटी सोन्याची नाणी होती. ती फ्रान्सकडच्या मेरोविंगियन राज्यातली, आणि विशेष म्हणजे प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतलं. या नाण्यांवर साल नसतं. बहुतेकांवर फक्त गावाचं आणि नाणं पाडणाऱ्याचं नाव. मग यांचा काळ कसा काढायचा?

इथे सराफाचं ज्ञान कामी आलं. सातव्या शतकात त्या राज्यात सोन्याचा तुटवडा पडत गेला आणि नाण्यांत चांदीची भेसळ वाढत गेली. म्हणजे नाण्याचा कस जितका उतरलेला, तितकं नाणं साधारणपणे उशिराचं. कस मोजायला नाणं कापायची गरज नाही. आधी हवेत तोलायचं, मग द्रवात बुडवून तोलायचं. सोनं पाण्याच्या १९ पटींहून जड, चांदी साडेदहा पट. दोन वजनांतल्या फरकावरून भेसळ किती ते कळतं.

सुरुवातीला अभ्यासकांनी ही नाणी सातव्या शतकाच्या मध्याची मानली होती. साहजिकच दफन कुणाचं याची चर्चा त्या वेळच्या राजांभोवती फिरत राहिली. १९६० मध्ये फ्रेंच नाणेतज्ज्ञ लाफोरी यांनी दाखवलं की नाणी त्याहून जुनी, साधारण ६२५ च्या सुमाराची आहेत. पुढे कसाच्या मोजणीनेही तारीख सातव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात आणली. तारीख पंचवीस-तीस वर्षं मागे सरकली आणि माणूस बदलला. आज सर्वात जास्त नाव घेतलं जातं ते राजा रेडवाल्डचं, जो ६२४-६२५ च्या सुमारास वारला. बटव्यातल्या मूठभर नाण्यांनी राजा ठरवला!

ताट मात्र खोटं बोलत नव्हतं. ते पुरलं तेव्हाच शंभरेक वर्षांचं होतं. कुणीतरी ते जपलं होतं, भेट म्हणून दिलं होतं, पुन्हा जपलं होतं. आमच्या डब्यातल्या रुपयासारखं.

नाणंच नसेल तर?

२००९ मध्ये स्टॅफर्डशर परगण्यात एका शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा आजवरचा सगळ्यात मोठा साठा मिळाला. सुमारे ४ किलो सोनं, दीड किलोहून जास्त चांदी, हजारो तुकडे. बहुतेक तलवारींच्या मुठींवरचं नक्षीकाम, उपटून काढलेलं. नाणं एकही नाही. नांगराने सगळं विस्कटलेलं, म्हणजे काय कशाशेजारी होतं तेही गेलं.

अशा वेळी उरते शैली. नक्षीतले प्राणी कसे वळतात, तार कशी पिळली आहे, खडे कसे कापलेत. ज्यांचा काळ इतर पुराव्यांनी ठरलाय अशा वस्तूंशी ताडून बघायचं. अशा तुलनेतून त्या साठ्याचं पुरणं सातव्या शतकाच्या तिसऱ्या पावात बसवलं गेलं. नाण्यापेक्षा हा पुरावा सैल असतो, पण तो पुरावाच आहे. हे लक्षात ठेवा, सोपाऱ्याला लागेल.

विरार लोकल, नालासोपारा

बोरिवलीहून सहावं स्टेशन नालासोपारा. दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा. आपल्याला ते ठाऊक असतं गर्दीसाठी. पण हेच जुनं शूर्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, या किनाऱ्यावरच्या बंदरांत कल्याण आणि चौलच्या बरोबरीने त्याचं नाव येतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांत सोपाऱ्याची आणि कल्याणची माणसं आहेत.

स्टेशनच्या पश्चिमेला एक उंचवटा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे. शूर्प म्हणजे सूप, तेव्हा गावाच्या नावाशी ही दंतकथा बरी जुळते. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करत तयार झालेले, लिपी आणि नाणी या दोन्हींत त्या काळी भारतात मोजक्याच लोकांची बरोबरी होईल असे. युरोपातल्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली होती.

उंचवटा निघाला विटांचा बौद्ध स्तूप. त्याच्या मध्यभागी, विटांच्या चौकोनी पोकळीत, दगडाची मोठी गोल पेटी. झाकण काढलं तेव्हा आत मधोमध तांब्याचा करंडा होता, आणि त्याच्याभोवती गोलाकार बसवलेल्या आठ छोट्या कांस्यमूर्ती.

करंडा म्हणजे तुमच्या घरी देव्हाऱ्यात कुंकवाचा असतो तसाच शब्द. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असेल? मातीच्या भांड्याच्या इवल्या इवल्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेल्या. ज्यांनी हा ऐवज रचला त्यांच्या हिशेबात सोनं हे वेष्टन होतं, मौल्यवान वस्तू मातीची होती. बरोबर सोन्याची पुष्कळ फुलं, खडे, मणी. आणि चांदीचं एक छोटं नाणं.

मुंबई सरकारने हा सगळा ऐवज एशियाटिक सोसायटीला दिला. तो आजही सोसायटीच्या संग्रहात, फोर्टात टाऊन हॉलला आहे.

नाणं काय म्हणतं, मूर्ती काय म्हणतात

नाणं आधी. एका बाजूला राजाचा चेहरा, पश्चिम भारतातल्या क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांच्या धर्तीवर. लेखात राजाचं नाव : गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णी. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आत्ताच सोडवू. "गौतमीपुत्र" वाचलं की आपल्याला तो प्रसिद्ध गौतमीपुत्र सातकर्णी आठवतो, नहपानाचा पराभव करणारा. पण सातवाहन राजे आईच्या नावाने ओळख सांगत, आणि गौतमी नावाची आई एकापेक्षा जास्त राजांना होती. हा राजा नंतरचा, यज्ञ सातकर्णी, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या काळचा लेख कान्हेरीत आहे. म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ज्याच्या राज्यवर्षाची नोंद दगडात आहे, त्याचंच नाणं सोपाऱ्याच्या पेटीत.

नाणं फारसं झिजलेलंही नाही. मग झालं की! दुसऱ्या शतकाच्या शेवटी हा ऐवज ठेवला. इथेच थांबावंसं वाटतं.

पण आपला नियम काय? सगळ्यात जुनी नाही, सगळ्यात नवीन वस्तू शोधा.

त्या आठ मूर्ती बघा. त्यांतले सात बुद्ध, म्हणजे विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी गौतम. आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला बुद्ध, मुकुट आणि अलंकार घातलेला. यांच्यावर ना साल ना राजाचं नाव. इथे स्टॅफर्डशरसारखं शैलीवर जावं लागतं. आसनाची, वस्त्राची, मुकुटाची घडण काळ माहीत असलेल्या शिल्पांशी ताडून अभ्यासक या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात.

म्हणजे नाणं आणि मूर्ती यांत सहाशे वर्षांच्या आसपास अंतर! सटन हूच्या जहाजात ताट आणि नाण्यांत शंभर वर्षांचं अंतर होतं, तर इथे सहापट.

नियम लावला तर उत्तर स्पष्ट आहे : दगडी पेटीचं झाकण शेवटचं बंद झालं ते आठव्या शतकाआधी नाही. आता मला आईच्या प्रश्नावर पटकन उत्तर का देता आलं नाही ते इथे कळेल. हा नियम शेवटच्या बंद होण्याबद्दल बोलतो. पहिल्यांदा ठेवण्याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही.

सटन हूला हा फरक जाणवत नाही, कारण दफन एकदाच होतं. जहाज ओढून आणलं, माणूस ठेवला, माती लोटली. ठेवणं आणि बंद करणं एकाच दिवसाचं काम. स्तूपाचं तसं नाही. स्तूप दुरुस्त होतात, मोठे केले जातात, आतले धातू पुन्हा बघितले जातात, पुन्हा ठेवले जातात. म्हणून सोपाऱ्याला निदान तीन गोष्टी शक्य आहेत.

पहिली : दुसऱ्या शतकाच्या शेवटी करंडे, फुलं आणि त्या वेळचं चालू नाणं ठेवलं. मग आठव्या-नवव्या शतकात कुणीतरी पेटी उघडली, आतल्या करंड्याला मान दिला, भोवती आठ मूर्ती बसवल्या आणि पुन्हा बंद केलं.

दुसरी : सगळा ऐवज आठव्या-नवव्या शतकातच रचला, आणि जुनं नाणं, जुन्या खापऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या, पडक्या स्तूपातून आणल्या.

तिसरी : मूळ ठेव नाण्याहूनही जुनी. दुसऱ्या शतकात ती एकदा उघडली तेव्हा नाणं गेलं, नंतर पुन्हा उघडली तेव्हा मूर्ती गेल्या.

मला स्वतःला पहिली शक्यता जवळची वाटते, आणि का ते सांगते. एक, नाणं फार झिजलेलं नाही. हातोहात सहाशे वर्षं फिरलेलं नाणं असं राहत नाही. पण सावध राहा : पेटीत पडून राहिलेलं नाणंही झिजत नाही, त्यामुळे दुसरी शक्यता यामुळे मरत नाही, फक्त दुबळी होते. दोन, मूर्ती कुठे होत्या? तांब्याच्या करंड्याच्या बाहेर. सगळ्यात बाहेरचा थर. आतला एकही करंडा न उघडता, एकाही खापरीला हात न लावता त्या बसवता येतात. नंतर येणारा श्रद्धाळू माणूस असंच करेल ना? देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती न हलवता बाजूला नवीन ठेवतो, तसं. तीन, नवव्या शतकात या भागात असं करणारं कुणी होतं का? होतं. कान्हेरीत नवव्या शतकातले लेख आहेत, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक कोकणचे शिलाहार यांच्या काळातले, आणि त्यांत तिथल्या भिक्षूंसाठी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. म्हणजे सोपाऱ्यापासून दिवसभराच्या वाटेवर तेव्हाही विहार नांदता होता.

लक्षात घ्या, यातला दुसरा मुद्दा मला मांडता येतो तो केवळ काय कुठे होतं हे भगवानलालांनी नोंदवून ठेवलं म्हणून. त्यांनी फक्त सोनं वेचून आणलं असतं आणि टेबलावर ढीग मांडला असता, तर आज आपल्याकडे आठ मूर्ती, पाच करंडे आणि एक नाणं असतं, पण आत-बाहेर नसतं. स्टॅफर्डशरला नांगराने जे केलं, ते इथे घाईने केलं असतं.

आणि हो, क्वचित कुणीतरी आपल्यावर दया करून तारीख लिहूनच ठेवतं. १८३९ मध्ये डॉ. बर्ड यांनी कान्हेरीच्या चैत्यासमोरचा एक स्तूप उघडला, तर त्यात ताम्रपट निघाला. सिंधहून आलेल्या बुद्धरुची नावाच्या भिक्षूने चैत्य उभारल्याची नोंद, त्रैकूटक राजांच्या काळातली, संवत्सर २४५. म्हणजे पाचव्या शतकाचा शेवट. असे ऐवज सगळीकडे मिळाले असते तर माझी पीएचडी दोन वर्षांत संपली असती.

मग फलकावर काय लिहायचं?

तुम्ही म्हणाल, दुसरं शतक काय नि नववं काय, सगळं जुनंच. फरक काय पडतो?

फरक पडतो. सोपाऱ्याबद्दल बोलताना सर्रास "सम्राट अशोकाचा स्तूप" म्हटलं जातं. अशोकाचा सोपाऱ्याशी संबंध पक्का आहे, त्यात शंका नाही. त्याच्या शिलालेखाचे तुकडे इथे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांनाच १८८२ मध्ये, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पण तो पुरावा गावाचा आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात हे गाव अशोकाला शिलालेख कोरून घेण्याइतकं महत्त्वाचं होतं, एवढं तो सांगतो. पेटीतला ऐवज अशोकाबद्दल काहीच बोलत नाही. एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवला की सगळ्यात जुनी तारीख सगळ्यावर पसरते, आणि मधली माणसं पुसली जातात.

मला त्या मधल्या माणसांचं वाईट वाटतं. "अशोककालीन" म्हणा की "सातवाहनकालीन", एकच शब्द फलकावर लिहिला की आठव्या-नवव्या शतकात ज्याने आठ मूर्ती ओतून घेतल्या, पैसे मोजले, पेटीचं झाकण उचललं, त्याची नोंद कुठेच राहत नाही. आपल्याला शाळेत शिकवतात की कोकणात बौद्ध धर्म सातवाहनांबरोबर बहरला आणि मग मावळला. ही पेटी सांगते की सहाशे वर्षांनीही कुणालातरी त्या खापऱ्या मोलाच्या वाटत होत्या. एक तारीख लिहिली की सुरुवात दिसते. दोन तारखा लिहिल्या की मधली निगा दिसते.

म्हणून मला विचाराल तर फलकावर दोन ओळी हव्यात. "नाण्यावरून : दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाआधी नाही. मूर्तींवरून : शेवटचं झाकण आठव्या शतकाआधी नाही." फार आकर्षक नाही, मान्य. पण खरं आहे. इंग्लंडमध्येही सटन हूच्या नाण्यांची तारीख बदलली तेव्हा लोकांना आवडलं नव्हतंच, पण फलक बदलले.

आता डबा

आईला आणि आत्याला मी शेवटी काय सांगितलं?

रुपया १८६२ किंवा नंतरचा. डब्याबद्दल त्यावरून काही ठरत नाही, आजीच्या आईने तो जपलेला असू शकतो. मोहनमाळ १९७८ ची म्हणायला पावती पुरेशी नाही. पावतीवर "जुने सोने मोडून" असं लिहिलंय, म्हणजे घडण ७८ ची असली तरी सोनं त्याहून जुन्या कुठल्या तरी दागिन्याचं. सटन हूच्या सोन्याचंही असंच, बरंचसं परदेशी नाणी वितळवून आलेलं.

मग मी भिंग घेऊन कुड्या बघितल्या. मागच्या बाजूला हॉलमार्क आहे, आणि शेजारी सहा अक्षर-आकड्यांचा कोड. हा कोड सोन्यावर उठवायला सुरुवात झाली १ जुलै २०२१ पासून. त्याआधीच्या दागिन्यावर तो असूच शकत नाही.

आत्याने दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

म्हणजे आजीने आजोबांनंतर डबा उघडला नाही ही आमच्या घरातली गोष्ट चुकीची होती. तिने तो उघडला होता, २०२१ च्या जुलैनंतर कधीतरी, गुडघे दुखत असताना, आम्ही कुणी घरी नसताना. आतलं काही काढलं नव्हतं. मोहनमाळ होती तशीच खाली होती. तिने फक्त वर एक पाकीट ठेवलं आणि झाकण लावलं.

कुड्या कुणासाठी होत्या, ते नियम सांगत नाही. आत्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ठेव. तुझ्या कानाला होतील."

बघायला जायचं असेल तर : स्तूप नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला आहे, रिक्षावाल्यांना "बुद्ध स्तूप" म्हटलं की कळतं. सकाळी लवकर जा, दुपारी सावली कमी. करंडे आणि मूर्ती तिथे नाहीत, त्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि कायम मांडलेल्या नसतात, म्हणून आधी चौकशी करून जा. कान्हेरीला जाणार असाल तर चैत्यगृहासमोरच्या मोकळ्या जागेत क्षणभर थांबा. आणि घरी असा एखादा डबा असेल, तर उघडण्याआधी एक काम नक्की करा : काय वर होतं आणि काय खाली, त्याचा आधी फोटो काढून ठेवा.